पाच नंबरची बाटली

किसनमामा, तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमची पेटी आली. पिंगळी स्टेशनवरचा चहावाला स्वतः ती घेऊन परभणीला आला, विचारत विचारत आपली पाण्याची प्रयोगशाळा शोधली आणि माझ्या टेबलावर पेटी ठेवून म्हणाला, "मामा बाकड्यावरच गेले हो बाई. गाडी यायलीय म्हणून हाक मारली, तर उठंनात. पेटी मांडीवरच हुती. म्हणलं, हिची कुणीतरी वाट बघायलं असंल." मी त्याला बसा म्हणाले नाही, पाणीही विचारलं नाही. पेटी उघडून बाटल्या मोजायला लागले. तुम्ही असता तर म्हणाला असता, आमच्या बाईला मानसापरीस बाटल्या लवकर कळतेत.

बाटल्या सात होत्या. सहा पालमकडच्या विहिरींच्या, त्या आणायलाच तुम्हाला पाठवलं होतं. सातवी फडक्यात वेगळी गुंडाळलेली. फडक्याचं टोक जरा सरकवलं, तर तिच्यावर तुमच्या ठसठशीत अक्षरात नुसतं लिहिलं होतं, पाच. खाली आदल्या दिवसाची तारीख.

पाच नंबरचा बोअर आपण जानेवारीत बुजवला होता. निदान फाईलमध्ये तसं आहे. खाली माझी सही आहे, आणि 'माझ्या समक्ष बुजवला' म्हणून तुमची. बुजवलेल्या बोअरचं पाणी तुम्ही चैत्रात कुठून काढलंत, मामा?

दुपारी साहेबांनी सगळ्यांना व्हरांड्यात उभं केलं. दोन मिनिटं शांतता झाली, मग ते तुमच्याबद्दल चांगलं बोलले. प्रामाणिक कर्मचारी, शब्दाला पक्का माणूस. सगळ्यांनी माना हलवल्या. मी खाली फरशीकडे बघत होते, कारण तोवर ती बाटली मी कपाटात ॲसिडच्या बाटल्यांच्या मागे सरकवली होती.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते. मला ते एकदा सरळ ओळीने बघायचं आहे.

तुमच्या गावाबाहेर तो डिझेलचा पंप होता. त्याची जमिनीतली टाकी कुजली आणि तेल किती महिने खाली झिरपत राहिलं ते मालकालाही कळलं नाही. कळलं ते गावातल्या बायकांना, भाकरीला रॉकेलसारखा वास यायला लागला तेव्हा. मग पंप बंद झाला, टाकी उपटली, तेलकट माती खणून नेली, इंजिन लावून गावाच्या वरच्या विहिरीतलं तेल उपसलं. त्यात वर्षं गेली. तेल जमिनीखाली कुठवर पसरलंय ते कळावं म्हणून पंपापासून उताराच्या अंगाने सहा बोअर मारले. पाणी प्यायला नव्हे, नुसतं तपासायला. गावातले लोक त्यांना सरकारी बिळं म्हणायचे. दर तीन महिन्यांनी त्यांतलं पाणी तुम्ही काढायचं आणि मी तपासायचं.

पाच नंबर बौद्धवस्तीच्या तोंडाशी होता आणि त्याच्याखाली पंधरा-वीस पावलांवर वस्तीचा आड. तेल आडाकडे निघालंच तर आधी पाचमध्ये दिसणार. तुम्ही त्याला राखण्या म्हणायचात. वस्ती तुमची, आड तुमचा, आणि घरची सगळी माणसं त्याच आडाचं पाणी पिणारी. खात्याने हे काम तुम्हाला दिलं ते जवळ पडतं म्हणून. त्यामागे कुणी यापेक्षा जास्त विचार केला नव्हता.

मी नोकरीला लागले तेव्हा हातात नवी कोरी बी.एस्सी. आणि नाकावर राग. सोनपेठच्या शेतकरी घरातली पोर, भावांशी भांडून शिकलेली. मला कुणी काही शिकवू लागलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. तुम्ही पहिल्याच दिवशी एका बाटलीचं बूच काढलंत, हुंगलंत आणि म्हणालात, "बाई, हे तीन नंबर. तेल हाय. थोडंच हाय."

मी म्हणाले, "मामा, ते मला ठरवू द्या. सरकारने नाकाची नेमणूक केलेली नाही."

तुम्ही हसलात. मी दोन दिवस पाणी आटवलं, काच तापवली, तोलली, आणि माझं उत्तर आलं. तेल आहे, थोडं आहे. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही विचारलंही नाहीत. मी काय लिहिलंय ते माझ्या तोंडावरून तुम्हाला कळलं होतं.

तुमचं नाक आणि माझी काच हे भांडण मग वर्षानुवर्षं चाललं. अहवालात 'वास' असा एक रकाना होता. त्यात मी कायम 'नाही' लिहायचे, कारण ॲसिडच्या वाफांनी माझं नाक कधीच मेलं होतं. तुम्ही टेबलापलीकडून वाकून बघायचात आणि मान हलवायचात. नमुन्याच्या दिवशी तुम्ही तंबाखू खात नसा, कांद्याला शिवत नसा. मी एकदा चिडवलं, "काय मामा, देवाचं करायला निघालात का?" तुम्ही म्हणालात, "देवाचं आमी कवाच सोडलं, बाई. पाण्याचं करायलोय."

पॅसेंजरमधल्या गमती तुम्हीच सांगायचात. मांडीवर लाकडी पेटी, आत बाटल्यांची किणकिण. समोरचा हमखास विचारायचा, "मामा, दारू हाय का?" तुम्ही म्हणायचात, "हाय की. सरकारी हाय. पेलं की माणूस खरं बोलाय लागतंय." डबा हसायचा. मीही हसायचे. आता मला ते आठवलं की हसू येत नाही.

अठ्ठ्याहत्तर सालचं तुम्ही मला एकदाच सांगितलंत. दुपारची सुट्टी होती, प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून तुम्ही भाकरी खात होता आणि मी कधी नव्हे ती चांगल्या मूडमध्ये होते. मी विचारलं, "मामा, हे नाक तुम्हाला दिलं कुणी?"

"विद्यापीठाच्या नावावरनं पेटलं तवा दिलं," तुम्ही म्हणालात. "आमची घरं जळली न्हाईत, तेवढं नशीब. पर आमच्या आडात कुणीतरी रॉकेलचा डबा वतला. आठ दिस उपसला आमी आड. वरच्या विहिरीवर जायची सोय न्हवती. वढ्याचं गढूळ पाणी फडक्यातनं गाळून प्यालो. मंग आड निवळला, समदे म्हणले, गेला वास. मला होळीपस्तोर यायचा. रोज पयला पोहरा मीच हुंगायचो."

"कोणी ओतला होता?"

"आता कशाला बाई. ते बी म्हातारं झालं."

आणि मग तुम्ही पंपाचं सांगितलंत. वरची विहीर तेलाने गेली तेव्हा आड तेवढा गोड होता. गावातल्या बायका घागरी घेऊन वस्तीच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. तुमच्यात कुजबुज झाली, कुणी म्हणालं देऊ नका. मामी म्हणाल्या, द्या, लेकरं त्यांच्यात बी हायत. वरची विहीर साफ होईपर्यंत सगळं गाव तुमच्या आडावर प्यायलं. विहीर साफ झाली तशी ती माणसं परत फिरली. "आता तुमचा आड कसा हाय, येवढं बी कुणी इचारलं न्हाई," असं म्हणून तुम्ही भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकलात.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी मागच्या वैशाखात ते केलं.

त्या दुपारी तुम्ही घामाने भिजून आलात आणि पेटी उघडायच्या आधीच पाच नंबरची बाटली माझ्या हातात दिलीत. "बाई, ही आधी बघा." मी बूच काढलं आणि माझ्या मेलेल्या नाकालाही वास आला. डिझेल. अलीकडच्या सगळ्या पाळ्या स्वच्छ गेल्या होत्या. एवढी एक उन्हाळ्याची पाळी निघाली की बोअर बुजवायचे आणि प्रकरण मिटवायचं असं ठरलेलं. साहेब रोज विचारत होते, झालं का? या एका बाटलीने सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असतं. मी तुमच्या हातांकडे बघितलं. नखांत काळी रेघ होती.

"मामा, सकाळी कुणाचं इंजिन चालू करून दिलंत का?"

"न्हाई बाई."

"मग ही नखं काळी कशाने? वास पाण्याला नाही, हाताला आहे. तुमचा हात लागलाय. नमुना बाद."

"बाई, हात धुतले हुते."

"सगळे असंच म्हणतात," असं म्हणून मी बाटली बेसिनमध्ये ओतली आणि वरून नळ सोडला.

तुम्ही रिकामी बाटली उचललीत, नळाखाली तीनदा विसळलीत, जाळीवर उपडी ठेवलीत आणि बाहेर जाऊन पायरीवर बसलात. मी रकान्यात 'नमुना बाद' लिहिलं. दुसरा नमुना पुढच्या पाळीला घेऊ म्हणाले. पुढची पाळी येईतो पाऊस झाला होता.

त्या दिवसानंतर तुम्ही माझ्या हातात कधी बाटली दिली नाहीत. टेबलावर ठेवायचात आणि दोन पावलं मागे सरकायचात. मला वाटायचं, म्हातारा रुसलाय, रुसू दे. दिवाळीनंतर कधीतरी, तुम्ही असेच मागे सरकलात आणि मला एकदम सोनपेठचं आमचं अंगण दिसलं. मी सात-आठ वर्षांची होते. कुणीतरी तहानेलं माणूस आमच्या रांजणाला शिवलं होतं आणि आमच्या घरच्यांनी भरलेला रांजण माझ्यासमोर पालथा केला होता. मी तेच केलं होतं, मामा. पांढरा कोट घालून केलं, आणि मला वाटलं मी शास्त्र करतेय. तेव्हाच उठून तुमच्याकडे यायला हवं होतं. मी बेलवर हात मारला आणि शिपायाला चहा सांगितला.

पाऊस सुरू झाल्यानंतरच्या दोन्ही पाळ्या स्वच्छ आल्या. माझ्या काचेला काही दिसलं नाही, तुमच्या नाकालाही नाही. साहेबांनी शेरा मारला, सर्व बोअर सिमेंट व माती भरून कायमचे बंद करावेत. त्यावर आपलं शेवटचं भांडण झालं आणि ते अजून संपलेलं नाही.

"बाई, बाकीचे पाच बुजवा. पाच नंबर वैशाखापस्तोर ठिवा."

"का? दोनदा स्वच्छ आलाय."

"पावसाचं पाणी वर असतंय. तेल खाली मातीत दडून बसतंय. वैशाखात पाणी उतरलं की मंग ते बोअरात उतरतंय. बुद्धपौर्णिमेला पाणी समद्यात खाली असतंय. तवा बघा. न्हाई आलं तर मी सोता बुजवतो."

"मामा, उघडा बोअर म्हणजे वरची घाण थेट खालच्या पाण्यात जायला वाट. आज ना उद्या कुणी त्यात काही टाकलं तर? तुम्हीच सांगता ना, लोक काय काय ओततात ते."

हे मी बोलायला नको होतं. पण मुद्दा खोटा नव्हता आणि तुम्हालाही ते माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "आड बिघडला तर आमी कुठं जावं? वरच्या विहिरीवर? ह्या दिवसांत?"

ह्या दिवसांत म्हणजे काय ते दोघांनाही कळत होतं. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय तोंडावर आला होता. तुमच्या गावच्या चौकात पोलिसांची गाडी उभी होती, वरचं गाव आणि वस्ती एकमेकांशी बोलत नव्हती, वर्षानुवर्षं एका पॅसेंजरने जाणारी माणसं वेगवेगळ्या डब्यांत बसत होती. ऑफिसातही कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. तुम्ही सकाळी जयभीम म्हणायचात आणि मी नमस्कार म्हणायचे, तेवढंसुद्धा त्या दिवसांत लोक कान देऊन ऐकायचे.

मी म्हणाले, "तेव्हाचं तेव्हा बघू."

बुजवायच्या दिवशी मी तिथे उभं राहायचं होतं. एसट्या बंद झाल्या, दगडफेकीच्या बातम्या यायला लागल्या, साहेब म्हणाले बाईमाणसाने जाऊ नये. मी आले नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. चार दिवसांनी तुम्ही कागद घेऊन आलात. सहा ओळी, सहा बोअर, सहा वेळा 'बुजवला', सहा वेळा तुमची सही. मी पेन उघडलं तसं तुम्ही म्हणालात, "बाई, वाचून सही करा."

"वाचायचं काय त्यात? तुमच्यावर विश्वास आहे माझा."

तुम्ही माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिलात. इतक्या वर्षांत मी तुमच्या शब्दावर एकदाच विश्वास ठेवला, मामा, आणि तो तुमचा एकच शब्द खोटा होता.

आता त्या बाटलीचं सांगते. ती कपाटात तीन आठवडे होती. मी तिचं बूच काढलं नाही. बोअर उघडा आहे असं म्हटलं तर माझी सही खोटी ठरते, त्याचं मला भय होतंच. पण तुमचीही ठरते. मामींचे पेन्शनचे कागद ऑफिसात फिरत होते, त्यावर कुणी लाल शाईने रेघ मारली असती. असं मी स्वतःला समजावत होते. कागदामागे लपायची कला मला चांगली येते. एक दिवस कपाटातून ॲसिड काढताना माझा हात त्या बाटलीला लागला आणि मला दिसलं की फडक्यात तुम्ही आणखी एक कोरी बाटली बांधून पाठवली होती. धुतलेली, बूच लावलेली. तिच्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती आणि नंबरही घातलेला होता, पाच. तारखेची जागा कोरी. म्हणजे सातच नव्हे, आठ होत्या. मी बाटल्यासुद्धा नीट मोजल्या नव्हत्या.

पौर्णिमेला ती कोरी बाटली घेऊन मी सकाळच्या पॅसेंजरने पिंगळीला उतरले आणि चालत वस्तीवर आले. सगळे पांढऱ्या कपड्यांत होते, खिरीचं पातेलं उतरलं होतं. मामी दारातच बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. मी म्हणाले, "जयभीम, मामी." त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "येताल असं म्हणले हुते. म्हणले, पुनवंला येतील, न्हाईतर येणार न्हाईत."

मग त्या मला वस्तीच्या तोंडाशी घेऊन गेल्या. तिथे धुण्याचा मोठा दगड होता. आडाच्या इतका जवळ असून खडखडीत कोरडा.

"ह्याच्यावर कुणाला धुणं धू दिलं न्हाई त्यांनी," मामी म्हणाल्या. "सिमेंटवाल्यांना चौकात पोलीस दिसले, ते घाई करायलते. हे म्हणले, तुमी जावा, शेवटचा मी करतो. ते गेले आन ह्यांनी वस्तीतल्या पोरांकडनं दगड आणून ठिवला. आठ दिस जेवले न्हाईत नीट. म्हणायचे, बाईनं न वाचता सही केली."

वस्तीतल्या चौघीजणींनी पहार लावून दगड सरकवला. खाली पाइप होता, तोंडाला लाकडी बूच ठोकलेलं, वर मेणकापडाचे तीन फेर दोरीने आवळलेले. किडामुंगी जाणार नाही अशी बंद केलेली. माझा मुद्दाही तुम्ही सोडला नव्हता. घरातून तुमचा पितळी नळीचा पोहरा आला, दोरीच्या नीट घड्या घातलेला. मी हात पुढे केला तर मामींनी अडवलं.

"आधी हात."

त्यांनी माझ्या हातावर राख घातली, मग रिठ्याचं पाणी, मग आडाचं नुसतं पाणी. "पुसू नगा. वाऱ्यावर वाळू द्या. ते तसंच करायचे. दर बारीला."

मी हात तसेच समोर धरून उन्हात उभी राहिले आणि विचारलं. विचारायला मला एक वर्ष लागलं. "मामी, मागच्या वैशाखात, नमुन्याच्या दिवशी, मामांनी कुणाचं इंजिन चालू करून दिलं होतं का?"

"नमुन्याच्या दिशी?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "शेजारच्याचं बंद पडलं हुतं. हाका मारून मारून थकला त्यो. गेले न्हाईत हे. त्यावरनं भांडण झालं, त्यो अजून बोलत न्हाई आमच्यासंगं."

"नखं काळी होती."

"काळी असायचीच. चिठ्ठ्यावर नंबर टाकायचे न्हवं, टाकानं. शाई निघती व्हय?"

मी तिथेच खाली बसले. मामींनी मला उठवलं नाही आणि पाणीही दिलं नाही. वाळलेले हात पुन्हा मातीला लागले म्हणून त्यांनी राखेचं वाडगं मात्र परत पुढे केलं. मी पुन्हा तीनदा हात धुतले.

पोहरा खाली सोडला. दोरी पाण्याला लागेतो माझे खांदे भरून आले. तुम्ही हे इतकी वर्षं केलंत, प्रत्येक पाळीला सहा वेळा. पोहरा वर आला आणि बाटलीत ओतायच्या आधीच मला वासाने कळलं. बाटलीत वरती पातळ रंगीत पापुद्रा फिरत होता.

"हाय ना?" मामींनी विचारलं.

"आहे."

"आडात न्हाई अजून. रोज पयला पोहरा हुंगूनच भरतो आमी. पयलं ते बघायचे, आता मी बघायलेय."

मी त्यांना सगळं सांगितलं. हे लिहायचं म्हणजे बोअर बुजवला नव्हता हे लिहावं लागणार. माझी सही खोटी, हे आधी. आणि मामांचीही. पेन्शनचे कागद अडकतील. कदाचित फार दिवस अडकतील.

त्या आडाकडे वळल्या. एक बाई कडेवर पोर घेऊन पाणी शेंदत होती, तिने शेंदायचं थांबवलं होतं.

"लिहा," मामी म्हणाल्या. "ते गेले. ही समदी पेयाची हायत अजून." मग म्हणाल्या, "आन आड बंद करा म्हणले, तर पाणी कुठलं?"

हाच तुमचा प्रश्न होता. तेव्हाचं तेव्हा बघू असं मी म्हणाले होते, आणि ते तेव्हा आता माझ्यापुढे उभं होतं. मी म्हणाले, आड बंद करायच्या आधी वरच्या विहिरीचं पाणी वस्तीला मिळालं पाहिजे असं मी पहिल्या कलमात लिहीन, आणि गावात जाऊन तोंडानेही सांगेन. मामी म्हणाल्या, "सांगून देत असतेत का?" येताना मी वरच्या विहिरीवर गेले. तीन बायका होत्या. मी कोण ते सांगितलं, बाटली दाखवली, वस्तीच्या आडाचं सांगितलं. दोघी घागरी उचलून निघून गेल्या. तिसरी म्हातारी होती. ती म्हणाली, "आमी बी पेलो हाव त्या आडाचं." मला तेवढंच आणता आलं, मामा. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे.

परतीच्या गाडीत बाटली मांडीवर होती. समोरच्या माणसाने विचारलं, "बाई, काय हाय त्यात?" मी म्हणाले, "सरकारी आहे. प्यायलं की माणूस खरं बोलतो." कुणी हसलं नाही. मला ते तुमच्यासारखं म्हणता येत नाही.

आज साहेबांपुढे कागद ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं काय व्हायचं ते होईल, पण गेलेल्या माणसाला कशाला खोटं पाडता?" मी म्हणाले, "साहेब, कागदावर खोटी मी आधी झाले. ते नंतर, आणि माझ्यामुळे." कागद त्यांनी परत दिला नाही, एवढंच सध्या माझ्या हातात आहे.

पण त्याआधी मी आणखी एक काम केलं. जुनं रजिस्टर काढलं, मागच्या वैशाखाचं पान उघडलं. पाच नंबरसमोर माझ्याच अक्षरात 'नमुना बाद' होतं. 'वास' या रकान्यात नेहमीचं 'नाही'. दोन्हींवर रेघ मारली. वासाच्या रकान्यात 'आहे' लिहिलं. शेऱ्याच्या जागेत आधी तुम्हाला बरंच काही लिहायला घेतलं होतं, ते खोडलं, कारण ते रजिस्टर आहे. मग फक्त दोन वाक्यं लिहिली आणि खाली पूर्ण नावाने सही केली. नमुना तपासणाऱ्याने चुकीने ओतून दिला. नमुना आणणाऱ्याचे हात स्वच्छ होते.